तुकोबांची खते आणि गावचा हिशेब



काही वर्षांपूर्वी एका शाळेत मी 'कर' या घटकावर नमुनापाठ देत होतो. पट्टी वेळेवर भरावी, असे सांगताच मागच्या रांगेतील एका मुलाने विचारले, "गुरुजी, तुकोबांनी लोकांची कर्जखते इंद्रायणीत सोडली. मग पंचायत आमची घरपट्टी का सोडत नाही?" मला उत्तर सुचले नाही, घंटेनेच माझी सुटका केली. आता मी पाठाचा प्रारंभ त्याच प्रश्नाने करतो.

उत्तर त्या कथेतच आहे. परंपरा सांगते की, तुकोबांनी खतांचे दोन भाग केले. धाकटे बंधू कान्होबा यांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि केवळ स्वतःचा वाटा पाण्यात सोडला. स्वतःचे येणे सोडणे हे औदार्य होय; दुसऱ्याचे सोडण्याचा अधिकार कोणासही नाही. पंचायतीजवळचा पैसा हा सर्वस्वी कान्होबांच्या वाट्यासारखा असतो. सरपंच, सदस्य व अधिकारी हे त्याचे विश्वस्त होत.

विषयज्ञान : ग्रामपंचायतीचा कारभार १९५८ च्या अधिनियमानुसार चालतो. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी ही तिची स्वतःची मिळकत. तिला शासकीय अनुदानाची जोड असते. देहूचे उदाहरण घ्यावे. तुकाराम बीज व पालखी प्रस्थान या वेळी तेथे वारकऱ्यांची अपार दाटी होते. पाणी, शौचालये व सफाई यांचा भार गावावर पडतो. घरपट्टी मात्र रहिवाशांकडूनच येते. अनुदान का लागते, हे यावरून मुलांना उमगते. पण अनुदान मनास येईल तसे खर्चता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानापैकी ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित ठेवला होता.

हिशेबाची दप्तरे ठरलेली आहेत : अंदाजपत्रक नमुना १, रोकडवही नमुना ५, कर आकारणी नमुना ८, कर मागणी नमुना ९ आणि कराची पावती नमुना १०.

येथे एक सावधगिरी हवी. देहूत आता ग्रामपंचायत नाही. डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत तेथे नगरपंचायतीची पहिली निवडणूक झाली. तिला १९६५ चा अधिनियम लागू असून प्रशासन मुख्याधिकारी पाहतात. ग्रामसभा तेथे राहिली नाही. तेव्हा 'हिशेब ग्रामसभेत विचारावा' हे वाक्य देहूच्या वर्गात शिकविणे चुकीचे होईल. तेथील अंदाजपत्रक नगरसेवकांच्या सभेपुढे येते. नागरिकाने आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास विचारावे अथवा २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाखाली अर्ज करावा. संस्था बदलली तरी विचारण्याचा हक्क कायम आहे.

पाठाची रीत : वर्गाचे चार गट करून प्रत्येकास शंभर चिंचोके द्यावेत. हे गावचे वर्षाचे उत्पन्न. साठ चिंचोके पाणी व सफाईसाठी प्रथमच बाजूस काढावेत; हा आकडा केवळ खेळापुरता आहे. उरलेले चाळीस रस्ता, दिवे, गटारे व शिल्लक यांत वाटावेत. प्रत्येक गटाने आपल्या वाटणीचे कारण सांगावे. नंतर 'पट्टी थकली' म्हणून दहा चिंचोके परत घ्यावेत व कोणते काम राहिले ते विचारावे. जमा, खर्च व शिल्लक फळ्यावर मांडावी.

स्वाध्याय म्हणून पावती पाहावयास सांगताना कोणाच्या घरची थकबाकी वर्गात उघड होऊ देऊ नये. एखाद्या बालकाची मान खाली गेली, तर पाठ वाया गेला असे समजावे.

हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे, आणि कर भरणे हा दंड नव्हे. आपल्या वर्गातील मूल ही दोन्ही वाक्ये स्वतःच्या शब्दांत सांगू लागले, म्हणजे मागच्या रांगेतील त्या मुलास उत्तर मिळाले.