संस्थेचे संकेतस्थळ आणि त्याची किल्ली

आपल्या मोहने-आंबिवली परिसरात बहुतेक संस्थांच्या कार्यालयाबाहेर काचेचा सूचनाफलक असतो. त्याची किल्ली चिटणीसांकडे असते. सभेची तारीख बदलली की ते जुना कागद काढून नवा लावतात. त्यासाठी सुताराला बोलवावे लागत नाही. संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र अनेक संस्था सुतारावरच अवलंबून राहतात.

माझ्या माहितीतील एका संस्थेने हौसेने संकेतस्थळ करून घेतले. ते करणारा तरुण नोकरीनिमित्त परगावी गेला व पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत आठ दिवस अलीकडे आली, पण संकेतस्थळावर जुनीच तारीख राहिली. तिच्यावर विसंबलेल्या दोन मुलींचे अर्ज राहून गेले.

असे प्रसंग टाळण्यासाठी ‘आशय व्यवस्थापन प्रणाली’ उपयोगी पडते. तिचे तत्त्व सोपे आहे. पानाची मांडणी वेगळी व मजकूर वेगळा साठवलेला असतो; वाचकाने पान उघडले की प्रणाली दोन्ही जुळवून दाखवते. त्यामुळे मजकूर बदलण्यासाठी प्रोग्रॅमिंग शिकावे लागत नाही. २००३ साली आलेली वर्डप्रेस ही अशीच विनामूल्य प्रणाली असून ती मराठीतूनही वापरता येते. त्याच वर्षी सुरू झालेला मराठी विकिपीडिया मीडियाविकी या प्रणालीवर चालतो. तेथील लेख वाचकच लिहितात व दुरुस्त करतात.

आम्हा बँक कर्मचाऱ्यांना यातील एक सोय ओळखीची वाटते. बँकेत लिपिक नोंद करतो, अधिकारी ती तपासून मंजूर करतो. वर्डप्रेसमध्येही एखाद्याला केवळ लिहिण्याचा आणि दुसऱ्याला ते प्रसिद्ध करण्याचा अधिकार देता येतो. विद्यार्थ्यांनी लिहावे, चिटणीसांनी तपासून प्रसिद्ध करावे.

काही पथ्ये मात्र पाळावीत. प्रणाली विनामूल्य असली तरी संकेतस्थळाचे नाव व जागा यांचे शुल्क मुदतीत भरावे लागते. नोंदणी व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावे असावी. मुख्य अधिकार दोन पदाधिकाऱ्यांकडे, प्रत्येकाच्या स्वतंत्र पासवर्डसह असावा. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. प्रणाली अद्ययावत ठेवावी आणि सर्व मजकुराची प्रत वेळोवेळी काढून ठेवावी.

बँकेतील खाते आपण संस्थेच्या नावे उघडतो, सह्याही दोघांच्या ठेवतो. तीच शिस्त येथे पाळली, तर कार्यकारिणी बदलली तरी किल्ली संस्थेकडेच राहील आणि चुकीच्या तारखेपायी कोणाचे शिक्षण अडणार नाही.