जुन्या मोटारीची दुरुस्ती

वरोऱ्याजवळ आनंदवन वसविणारे बाबा आमटे यांचा जन्म १९१४ मध्ये हिंगणघाटच्या एका जमीनदार घराण्यात झाला. तरुणपणी त्यांना सिंगर बनावटीची वेगवान मोटार मिळाली होती. तिच्या आसनांवर बिबळ्याचे कातडे चढविलेले होते. पुढे त्यांनी हे वैभव सोडले आणि १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली.

मुलांनो, त्या काळातील एखादी मोटार आज हाती आली, तर ती पूर्ववत कशी करावी?

कुशल कारागीर प्रथम छायाचित्रे घेतो. सुटा केलेला प्रत्येक स्क्रू तो चिठ्ठी लावून ठेवतो. डॅशबोर्डच्या लाकडी फळीवरील जुने रोगण तो हलक्या हाताने काढतो. वेगमापकाच्या तबकडीवरील आकडे मात्र तो घासत नाही. कारण रंग एकदा गेला, की मूळ अक्षरे परत येत नाहीत. स्टिअरिंगच्या चाकावरील कठीण रबराला तडे गेलेले असतात. ते खरवडून रुंद करतात, त्यांत इपॉक्सी भरतात आणि ती घट्ट झाल्यावर घासून सारखी करतात.

परंतु चाकाखालचा एखादा सांधा झिजलेला असेल, तर मूळ भागाचा मोह धरू नये. वळणावर तो तुटला, तर माणसांचे प्राण जातील. असा भाग बदलावा व तशी नोंद ठेवावी. नव्या भागाला जुना म्हणणे ही फसवणूक होय. काय राखावे आणि काय बदलावे हे ज्याला कळते, तोच खरा कारागीर.

स्वाध्याय : तबकडी व सांधा यांना वेगवेगळा न्याय का लावला आहे?