झूलाघरातून घरी येणारा ताप : खर्च कुठे, बचत कुठे

मध्य प्रदेशात देवास-धारकडे पाटीवर ‘झूलाघर’ लिहिलेले असते आणि घरी आपण ‘पाळणाघर’ म्हणतो. नाव कोणतेही घ्या, पहिल्या वर्षाचा अनुभव सगळ्यांचा एकच. मूल जायला लागून महिना होत नाही तोच नाक गळू लागते, मग खोकला, मग जुलाब. सकाळी आई-बाबा एकमेकांच्या तोंडाकडे बघतात : आज सुट्टी कोण घेणार? लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-पडसे होणे हे डॉक्टरांच्या लेखी नेहमीचे. पाळणाघरात जाणाऱ्याला सुरुवातीला त्याहून जास्त. हे सगळे टाळता येत नाही, पण बरेच कमी करता येते आणि त्यासाठी लागणारा पैसा थोडा आहे. पैसा जातो तो दुसरीकडेच.

माझा मुलगा अडीच वर्षांचा असताना त्याच्या पाळणाघरात हात, पाय आणि तोंडात फोड येण्याची साथ आली. पंधरवड्यात निम्मी मुले घरी. नंतर कळले, की पहिल्या आजारी मुलाला सकाळी तापाचे औषध पाजून सोडले होते. दुपारी औषधाचा अंमल उतरला तोवर ते सगळ्यांच्या खेळण्यांशी खेळून, सगळ्यांच्या शेजारी झोपून झाले होते. त्या आईचा मला संताप आला होता. मग तिच्याकडून ऐकले, की कारखान्यातली रजा बिनपगारी, आणि पाळणाघर महिन्याचे पैसे आगाऊ घेते ते गैरहजेरीचे परत देत नाही. खरे सांगायचे तर असे औषध पाजून मीही एकदा मुलाला सोडून आले होते.

हिशेब मांडून बघा. समजा, पाळणाघराचे शुल्क महिना ३,००० रुपये आणि कामाचे दिवस २५; म्हणजे दिवसाला १२० रुपये. आईची रोजची कमाई ५०० धरली तर मुलाच्या आजारपणाचा एक दिवस ६२० रुपयांना पडतो, डॉक्टर आणि औषधे वेगळी. कांजिण्यांसाठी आठ दिवस घरी बसावे लागले तर जवळपास ५,००० रुपये गेले. तुमचे खरे आकडे घालून हे गणित एकदा घरी कराच, पुढे लशीचा खर्च ठरवताना ते लागेल.

म्हणून पाळणाघर बघायला गेलात की माझ्या मते पहिला प्रश्न हा : आजारपणाच्या दिवसांचे पैसे वळते करता का? जिथे उत्तर ‘नाही’ असेल तिथे आजारी मूल येणारच, भिंतीवर नियमांचा कितीही मोठा फलक असो. चालवणाऱ्या ताईंनाही हे परवडण्याजोगे आहे. आजारपणाच्या दिवसाचे निम्मे पैसे, महिन्यात जास्तीत जास्त पाच दिवसांचे, पुढच्या महिन्यात वळते केले तर वरच्या हिशेबाने एका मुलामागे फार तर ३०० रुपये जातात. साथ आली आणि दहा मुले एकदम घरी बसली तर त्याहून जास्त नुकसान होते, शिवाय नाव जाते. दुसरा प्रश्न सांभाळणाऱ्या बाईंबद्दल विचारा. जुलाब झाले तर त्यांना पगारी सुट्टी मिळते का? खाडा कापला जात असेल तर त्याही पोट धरून येणार आणि त्याच हातांनी वरण-भात भरवणार.

कुठल्या आजारात किती दिवस घरी, हे नाव घालताना लेखी मागून घ्या. साधी सर्दी असेल, ताप नसेल, मूल खेळत असेल, तर घरी ठेवण्यात अर्थ नाही. फोड दिसायच्या किंवा ताप चढायच्या आधीच बरेच विषाणू पसरलेले असतात. ताप असेल तर औषध न देता चोवीस तास ताप नसल्यावरच सोडावे. जुलाब-उलट्या थांबल्यावर अठ्ठेचाळीस तास. हात-पाय-तोंडाच्या फोडांत ताप उतरून लाळ गळणे थांबले, की मूल येऊ शकते. मात्र हा विषाणू पुढे काही आठवडे शौचातून पडत राहतो, म्हणून लंगोट बदलल्यावर हात धुणे ढिले पडता कामा नये. कांजिण्यांत शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, कधी थोडे जास्त. गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच. खरजेला पहिल्यांदा मलम लावून झाले, की दुसऱ्या दिवशी पाठवा, पण घरातल्या सगळ्यांनी एकदमच मलम लावायचे, नाहीतर पैसे पाण्यात. उवांसाठी घरी बसवू नका.

एका नियमाला माझा विरोध आहे. काही ठिकाणी प्रत्येक सर्दीनंतर डॉक्टरांचा ‘फिट’ असल्याचा दाखला मागतात. त्यासाठी दोन-चारशे रुपये तपासणी फी जाते, आजारी मुलांच्या रांगेत तासभर बसावे लागते आणि हाती येते कागदाची चिठ्ठी. वर सांगितलेले दिवस मोजले, की तेच काम फुकट होते. गोवर, कावीळ, डांग्या खोकला, क्षय अशा आजारांनंतर दाखला मागितला तर ते योग्यच.

आता हात धुण्याबद्दल, आणि इथे देवासची गोष्ट थोडी वेगळी आहे. ज्या शहराला एके काळी रेल्वेगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाला काटकसर शिकवावी लागत नाही. पण हीच काटकसर पाळणाघरात घात करते. टबात पाणी घेतात, पंधरा मुले एकामागून एक त्यात हात बुचकळतात आणि एकाच टॉवेलला पुसतात. पहिल्या मुलाच्या हातावरचे पंधराव्याच्या ताटात! धुवायला वाहते पाणी हवे, मग ते थोडे का असेना. वीस लिटरचा तोटीचा कॅन स्टुलावर ठेवला आणि खाली बादली लावली, की काम झाले. असा कॅन साधारण चार-पाचशे रुपयांत मिळतो. तोटी बारीक सोडायची, साबण लावेपर्यंत बंद ठेवायची. खालचे पाणी संडासात ओतायला उपयोगी पडते.

सॅनिटायझरवर फार भिस्त ठेवू नका. जुलाब करणारे काही विषाणू, हात-पाय-तोंडाच्या फोडांचे विषाणू आणि कावीळ ‘अ’चा विषाणू अल्कोहोलला तितकेसे दबत नाहीत. वीस सेकंद साबण-पाणी त्याहून सरस आणि स्वस्त. पंधरा मुलांच्या पाळणाघराला महिन्याला दहा-बारा वड्या साबण, पाच लिटरचा सोडियम हायपोक्लोराइटचा कॅन आणि शंभर हातमोज्यांचा एक डबा लागतो असे धरले, तर खर्च हजार-बाराशेच्या आसपास येतो. म्हणजे मुलामागे फार तर ऐंशी रुपये. यासाठी कोणी शुल्क वाढवून मागितले तर मी घासाघीस करणार नाही. सुगंधी फवारे, ‘जंतुमुक्त’ म्हणून मिरवणारी यंत्रे, अतिनील दिव्याची पेटी यांच्या नावाखाली पैसे मागितले तर मात्र नक्की करीन.

हायपोक्लोराइट वापरायची रीत ताईंना माहीत आहे का, तेही बघा. पाच टक्क्यांचे द्रावण असेल तर लिटरभर पाण्यात २० मिलिलिटर, हे फरशी, टेबल, दाराच्या कड्यांसाठी. उलटी किंवा जुलाब पडला असेल तर आधी कागदाने उचलून घ्यायचे, मग लिटरला १०० मिलिलिटर घातलेले द्रावण दहा मिनिटे राहू द्यायचे. द्रावण रोज ताजे करायचे, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवायचे. संडास धुण्याच्या अ‍ॅसिडबरोबर ते कधीही मिसळायचे नाही, विषारी वायू होतो. तोंडात जाणारी खेळणी रोज धुवायची. जी धुता येत नाहीत ती मऊ अस्वले पाळणाघरात ठेवूच नयेत.

हवेचे काय? कुमार गंधर्व १९४८मध्ये क्षयाच्या आजारात देवासला आले ते इथली कोरडी हवा मानवेल म्हणून. माळव्याची हवा खरोखर चांगली, पण ती खोलीत आली तर! उन्हाळ्यात खिडक्या बंद करून पंखा लावला, की तीच हवा वीस मुले फिरवून फिरवून घेतात. कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी हवी. तसा तो थंडही नीट करतो. झोपायच्या गाद्यांत तीन फूट अंतर ठेवावे, आणि एकाचे डोके तर दुसऱ्याचे पाय अशी मांडणी करावी. याला पैसे पडत नाहीत, जागा लागते. म्हणून खोली किती मोठी ते बघण्यापेक्षा दुपारी दोन वाजता जाऊन गाद्या कशा घातल्यात ते बघा.

लशींवर खरा खर्च होतो, आणि त्यातला बराच वाचवताही येतो. क्षय, पोलिओ, कावीळ ‘ब’, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिब, रोटाव्हायरसचे जुलाब, न्यूमोकोकसचा न्यूमोनिया आणि गोवर-रुबेला, या सगळ्यांच्या लशी सरकारी लसीकरणात फुकट आहेत. अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो, तो आशाताईंना विचारा. देवासचे महात्मा गांधी जिल्हा रुग्णालय आणि धारचे भोज रुग्णालय आहेच. ‘न दुखणारी’ म्हणून खासगीत मिळणाऱ्या एकत्रित लशीचा एकेक डोस अडीच-तीन हजारांच्या पुढे जातो. तिने ताप कमी येतो हे खरे; संरक्षण मात्र फुकटच्या लशीनेही भरवशाचे मिळते. हातात पैसे मोजके असतील तर ते इथे घालवू नका.

ते पुढच्या लशींसाठी ठेवा, कारण त्या सरकारी यादीत नाहीत. कांजिण्यांची लस, दोन डोस, प्रत्येकी साधारण १,८०० ते २,५०० रुपये. फ्लूची १,५०० ते २,००० : पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन, नंतर दरवर्षी एक. टायफॉइडची नवी लस दीड ते अडीच हजार. कावीळ ‘अ’ची जिवंत लस एकच डोस, तेराशे ते दोन हजार. सरकारी लशीत गालगुंड येत नाही. ते हवे असेल तर एमएमआर, भारतीय बनावटीची काहीशे रुपयांत. सगळे मिळून पहिल्या दोन वर्षांत साधारण अकरा ते सोळा हजार, टोचण्याची फी धरली तर आणखी. किंमत कंपनीनुसार बदलते, म्हणून डब्यावरची छापील किंमत बघून मगच पैसे द्या, आणि ‘याच लशीची भारतीय बनावट आहे का?’ हे विचारायला लाजू नका.

सगळ्या एकदम झेपत नसतील तर पाळणाघरातल्या मुलासाठी मी कांजिण्यांची आधी घेईन. दोन डोसांची किंमत आणि आठ दिवस घरी बसण्याचा वरचा हिशेब जवळजवळ सारखाच येतो, शिवाय घरातली भावंडे आणि कांजिण्या न झालेली गर्भवती मामी-काकू वाचतात. दम्याचे मूल असेल तर फ्लूची आधी. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

कांजिण्या म्हटल्या, की देवी आलीच. शीतला सप्तमीला तिला शिळ्या-थंड अन्नाचा नैवेद्य दाखवून तेच खायची माळव्याची रीत आम्हीही पाळतो. देवीला नमस्कार करावा आणि लसीचे कार्डही तपासावे, दोन्ही एका घरात नांदू शकते. कार्ड दुसऱ्यांचेही तपासले जायला हवे, कारण गोवराचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो आणि पाळणाघरे सहा महिन्यांचे मूल घेतात. मधल्या तीन महिन्यांत त्या बाळाला आजूबाजूच्या मुलांच्या लशीचाच आधार. २०२२मध्ये मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली, मुले दगावली, तेव्हा साथीच्या भागात सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला. जे पाळणाघर नाव घालताना कार्डाची झेरॉक्स मागत नाही, तिथे मी बाळ ठेवणार नाही.

मूल आजारी पडलेच, तर ओआरएसची पुडी पंचवीस रुपयांच्या आत येते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. जुलाबात तिच्याबरोबर झिंकच्या गोळ्या चौदा दिवस. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने आणू नका. खोकल्याच्या सिरपवर तर एक रुपयाही घालवू नका. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याच राज्यात छिंदवाड्याकडे विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपने लहान मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊन बळी गेले. दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे केंद्र सरकारने त्यानंतर सर्व राज्यांना बजावले. पाळणाघराच्या फळीवर अशी बाटली दिसली तर तिथेच हरकत घ्या.

पीथमपूर किंवा देवासच्या औद्योगिक भागात नोकरी असेल तर अजून एक चौकशी करा. मातृत्व लाभ कायद्यात २०१७मध्ये आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेल्या तरतुदीनुसार पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचे असते. कागदावर सोय असून विचारले नाही म्हणून न मिळालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयच्या कार्डावर मुलाचे उपचार होतात. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी केंद्राच्या ‘पालना’ योजनेखाली काही अंगणवाड्यांना जोडून झूलाघर आहे. तुमच्या वस्तीत आहे का, ते महिला व बालविकास कार्यालयात विचारा.

आणि पाळणाघर बघायला गेलात, की शुल्क विचारायच्या आधी हात धुवायला मागा. साबण कुठून निघतो आणि टॉवेल किती जणांचा आहे, ते लगेच कळेल.