निळा ठसा धुऊन जाण्याआधी

लखनौत फिल्म शिकणाऱ्याच्या हाती कॅमेरा आला की त्याची पावलं आपोआप रूमी दरवाजाकडे वळतात. आमचीही वळली. १७८४च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून अवधचा नवाब आसफउद्दौला याने इमामबाड्याचं बांधकाम काढलं, तेव्हाचा हा दरवाजा. तो कुठूनही देखणाच दिसतो, आणि म्हणूनच त्याच्यासमोर उभं राहून शिकायला फारसं मिळत नाही. मी जे काही शिकलो ते चिकनकारीवर माहितीपट करताना, चौकातल्या छपाईच्या दुकानात आणि काकोरीकडच्या एका घराच्या ओसरीवर.

चिकनच्या कापडावर आधी लाकडी ठशांनी निळी नक्षी छापतात. बायका त्या रेघांवर भरतकाम करतात. मग कापड धोब्याकडे जातं, निळा रंग निघून जातो आणि दोरा तेवढा उरतो. म्हणजे धुण्याआधी जे टिपायचं राहिलं, ते कायमचं राहिलं. शिवाय एक कुर्ता छपाईपासून धुलाईपर्यंत पोचायला कित्येक आठवडे जातात. विद्यार्थ्याला तेवढी सवड कुठली? मग छपाई एका कापडाची, टाके दुसऱ्यावरचे, धुलाई तिसऱ्याची, असंच चित्रण करावं लागतं. तेव्हा कॅमेरा काढायच्या आधी नक्षी ठरवा. त्याच ठशाचं काम कुठे कुठे चालू आहे ते कारखानदाराला विचारून घ्या, छापाचा फोटो जवळ ठेवा आणि दर ठिकाणी ताडून पाहा. तिन्ही मिळून एकच कुर्ता आहे असं निवेदनात मात्र म्हणू नका. ते खोटं ठरेल.

टाक्यांचं वेगळंच. मुर्रीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा. तो जवळून घेताना बोट जरा हललं तरी फोकस सुटतो. उलट्या बखियात दोरा कापडाच्या मागच्या बाजूने भरतात आणि पुढून त्याची नुसती सावली दिसते. फक्त पुढून शूट केलं तर सुई कुठे चालली आहे तेच प्रेक्षकाला कळत नाही. ओसरीवर भरतकाम करणाऱ्या बाईंनी, आम्ही त्यांना खाला म्हणायचो, कापड उजेडाकडे धरलं, मागून ऊन आलं आणि पाकळी भरलेली दिसली. तो शॉट आमच्या यादीत नव्हताच. म्हणून सांगतो, आधी कॅमेरा बंद ठेवून काम बघत बसा. हात कुठून कुठे जातो हे कळलं की कॅमेरा कुठे ठेवायचा ते वेगळं ठरवावं लागत नाही.

आवाजाने आमची फार दमछाक केली. उन्हाळ्यातलं लखनौ आणि डोक्यावर घरघरणारा पंखा. मुलाखतीपुरता तो बंद, हातांच्या शॉटला चालू. जोडायला बसलो तर दर कटला आवाज तुटत होता. यावर उपाय सोपा आहे, पण तो जागेवरच करावा लागतो. बोलणं संपलं की कोणीही न हलता त्या खोलीचा नुसता आवाज मिनिटभर रेकॉर्ड करा, एकदा पंख्यासह, एकदा पंख्याविना. उजेडाचंही जागेवरच बघावं लागतं: ट्यूबलाइट असेल तर शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने त्या वेगाला चित्रात सहसा पट्टे येत नाहीत.

आणि हे सगळ्यात आधी लक्षात ठेवायचं: भरतकाम करणाऱ्या या बायकांना मजुरी नगावर मिळते. आपल्यासाठी सुई थांबली की त्यांचे पैसे बुडतात. ‘पुन्हा एकदा करून दाखवा’ म्हणण्याआधी त्या वेळेचे पैसे ठरवा आणि ते प्रकल्पाच्या खर्चात धरा. भाड्याच्या लेन्सला पैसे निघतात, तर यांच्यासाठीही निघालेच पाहिजेत.

कच्चा कट प्राध्यापकांना दाखवाल तसा त्यांनाही दाखवा, आणि बदल करता येतील इतका वेळ हाताशी असताना दाखवा. आमचा पाहून खालाने एका शॉटवर बोट ठेवलं: हा हात माझा, पण खालचं कापड दुसऱ्या बाईचं. वर्गात ते कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आम्ही तो शॉट काढला.