शाळेतील संगणक : शिक्षकाचे काम कोणते, तंत्रज्ञाचे कोणते?

भारतातील शाळांमध्ये संगणक येऊन चार दशके झाली. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पाखाली निवडक माध्यमिक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले. डिसेंबर २००४ मध्ये ‘आयसीटी ॲट स्कूल्स’ ही केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली. २०१० मध्ये तिच्यात सुधारणा करण्यात आल्या आणि २०१८ मध्ये ती ‘समग्र शिक्षा’ या योजनेत सामावली गेली. यु-डायस प्लसच्या आकडेवारीनुसार २०२३-२४ मध्ये देशातील ५७.२ टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक होते, तर ५३.९ टक्के शाळांत इंटरनेटची सोय होती. यंत्रे पोहोचविण्याचे काम अद्याप अपुरे आहे, हे खरेच. परंतु जेथे ती पोहोचली, तेथे ती चालू कोणी ठेवायची आणि त्यांचा अध्यापनासाठी उपयोग कोणी करायचा, या प्रश्नाची चर्चा फारशी होत नाही. या दोन कामांची सरमिसळ झाल्यामुळेच अनेक ठिकाणी गुंतवणुकीचा पुरेसा लाभ मिळत नाही.

सर्वसाधारण शाळेत ज्या शिक्षकाला संगणकाचे थोडेफार ज्ञान असते, त्याच्याकडे हळूहळू सर्वच कामे येतात. प्रोजेक्टर लागत नाही, यूपीएसची बॅटरी उतरली, शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयाचे आहेत, शालेय पोषण आहाराची माहिती आजच पाठवायची आहे, अशा प्रत्येक वेळी वर्गातून बोलावणे येते ते त्यालाच. त्याने दुरुस्तीत घालविलेले दोन तास शाळेच्या जमाखर्चात शून्य रुपयांचे दिसतात, कारण वेतन तर द्यावयाचेच असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा हिशेब चुकीचा आहे. त्या दोन तासांत जे गणित शिकवून झाले नाही, ती या दुरुस्तीची खरी किंमत होय. डेव्हिड रिकार्डो याने १८१७ मध्ये मांडलेले तुलनात्मक लाभाचे तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते. एखादा शिक्षक तंत्रज्ञाहून अधिक चांगली दुरुस्ती करीत असला, तरीही ती त्याच्याकडून करवून घेणे परवडत नाही. कारण वर्गातील त्याची जागा तंत्रज्ञ घेऊ शकत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य शिक्षणेतर कामांसाठी शिक्षकांना नेमता येत नाही. ऑनलाइन माहिती भरणे मात्र शाळेचेच काम समजले जात असल्याने ते या कलमाच्या कक्षेबाहेर राहते. वस्तुतः ते ना अध्यापन आहे, ना तंत्रज्ञान. ते लिपिकाचे काम आहे. शाळेत लिपिक नसला म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही.

याच्या अगदी उलट चूक कंत्राटी पद्धतीत झाली. अनेक राज्यांनी ‘बूट’ पद्धतीचा, म्हणजे उभारा, मालकी ठेवा, चालवा आणि हस्तांतरित करा या तत्त्वाचा, अवलंब केला. कंपनीने संगणक कक्ष उभारायचा, आपला प्रशिक्षक नेमायचा आणि ठरलेल्या मुदतीनंतर सर्व काही शाळेच्या स्वाधीन करायचे, अशी ही रचना. कागदावर ती आकर्षक होती, कारण शासनाला एकदम मोठी रक्कम गुंतवावी लागत नव्हती. परंतु अशा शाळेत संगणक हा प्रशिक्षकाचा प्रांत ठरतो. विज्ञानाच्या वा भूगोलाच्या शिक्षकाला त्या कक्षात जाण्याचे कारणच उरत नाही. मुदत संपली की प्रशिक्षक जातो, यंत्रे तोवर जुनी झालेली असतात आणि कक्षाची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात जाते. महाराष्ट्रासह काही राज्यांत अशा कंत्राटी संगणक शिक्षकांना मुदतीनंतर काम गमवावे लागले. अनुभव मिळवलेले मनुष्यबळ अशा रीतीने हातचे गेले.

विशेष म्हणजे योग्य विभागणीचा नमुना आपल्या माध्यमिक शाळांत पूर्वीपासून उपलब्ध आहे. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत द्रावणे तयार करणे, उपकरणे स्वच्छ ठेवणे, फुटलेल्या काचसामानाची नोंद करणे ही कामे प्रयोगशाळा सहायक आणि परिचर यांची असतात. कोणता प्रयोग केव्हा करावा आणि त्यातून विद्यार्थ्याला काय उमगावे, हे शिक्षक ठरवितो. नळ गळतो म्हणून रसायनशास्त्राच्या शिक्षकाने पान्हा घेऊन बसावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. संगणकाच्या बाबतीतच ती का केली जाते, हे कोडे आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जानेवारी २००३ मध्ये शासन, शाळांचे नियोक्ते आणि बहुतेक शिक्षक संघटना यांच्यात कार्यभाराविषयी राष्ट्रीय करार झाला. शिक्षकांनी नित्य करू नयेत अशा कामांची यादी त्यात देण्यात आली. संगणकीय उपकरणांतील दोष शोधणे व किरकोळ दुरुस्ती करणे, तसेच नवी उपकरणे कार्यान्वित करणे, ही दोन्ही कामे त्या यादीत होती. तेथील शाळांत साहाय्यक कर्मचाऱ्यांचे प्रमाण आपल्यापेक्षा कितीतरी अधिक असल्याने ही यादी जशीच्या तशी उचलता येणार नाही. परंतु कामे नावानिशी लिहून काढली गेली, हे तिचे महत्त्व.

आपल्याकडे केरळचा अनुभव अधिक उपयुक्त आहे. तेथे २००१-०२ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला आणि २०१७ मध्ये त्याचे ‘काइट’ या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. केरळने बाहेरचा प्रशिक्षक आणण्याऐवजी विषयशिक्षकांनाच प्रशिक्षण दिले. प्रत्येक शाळेत एका शिक्षकाकडे समन्वयकाची जबाबदारी सोपविली आणि त्याच्या पाठीशी जिल्हा पातळीवर प्रमुख प्रशिक्षकांची फळी उभी केली. यंत्रांच्या दुरुस्तीसाठी ‘हार्डवेअर क्लिनिक’ भरविण्यात आली. मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारल्यामुळे परवान्यांचा खर्च वाचला आणि सर्व शाळांत एकच प्रणाली असल्याने दुरुस्तीही सोपी झाली. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ मंडळांद्वारे विद्यार्थ्यांनाही या कामात सहभागी करून घेण्यात आले. समन्वयक हा अखेर शिक्षकच असल्याने त्याच्यावरील ताण संपला, असे म्हणता येणार नाही. मात्र अडचण आली तर कोणाला विचारायचे, हे त्याला ठाऊक असते.

प्रत्येक शाळेला स्वतंत्र तंत्रज्ञ देणे देशाला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. समजा, एका तंत्रज्ञावर वेतन व प्रवास मिळून वर्षाला ३ लाख ६० हजार रुपये खर्च होतात आणि त्याच्याकडे १२ शाळा आहेत. प्रत्येक शाळेला महिन्यातून दोन दिवस मिळतील आणि तिच्या वाट्याला वर्षाला ३० हजार रुपये येतील. समग्र शिक्षेच्या २०१८ च्या निकषांत प्रति शाळा कमाल ६ लाख ४० हजार रुपये अनावर्ती आणि पाच वर्षांपर्यंत दरवर्षी कमाल २ लाख ४० हजार रुपये आवर्ती अनुदानाची तरतूद होती. तिच्याशी तुलना करता हा खर्च आठव्या हिश्श्याइतका आहे. खरी अडचण सहाव्या वर्षी येते. यंत्राचे आयुष्य संपत आलेले असते, बिघाड वाढतात आणि नेमके तेव्हाच आवर्ती अनुदान थांबते.

विभागणीची रेषा आखताना एक धोका लक्षात घ्यावा लागेल. तंत्रज्ञाच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित संगणक म्हणजे कुलूपबंद संगणक. कोणती संकेतस्थळे बंद ठेवावीत, कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हे निर्णय त्याच्यावर सोपविल्यास शिक्षकाला भूगोलाचा साधा नकाशाही उघडता येणार नाही. म्हणून हे निर्णय शिक्षकांचे आणि त्यांची अंमलबजावणी तंत्रज्ञाची असावी. विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक माहितीचे दायित्व मुख्याध्यापकांकडेच राहावे. सुटलेली वायर जोडणे, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करणे, अशा प्रथमोपचारापुरते ज्ञान मात्र प्रत्येक शिक्षकाला हवे. वर्ग ताटकळत असताना पंधरा दिवसांनी येणाऱ्या तंत्रज्ञाची वाट पाहता येत नाही.

पुरवठादारांशी होणाऱ्या करारांतही बदल आवश्यक आहे. किती यंत्रे बसविली यावर देयक न देता, शालेय वेळेत ती किती तास चालू होती यावर त्याचा काही भाग अवलंबून ठेवता येईल. त्यासाठी प्रत्येक शाळेत बिघाडाची आणि दुरुस्तीची तारीख दाखविणारी एक नोंदवही पुरेशी आहे. तीत बिघाडाची नोंद शाळेने करावी, दुरुस्तीची नोंद तंत्रज्ञाने करावी आणि देयक मंजूर होण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी दोन्हींवर स्वाक्षरी करावी.