हवामानाचे पट्टे आखताना

1. जिल्ह्याची हद्द आधी बाजूला ठेवावी. हवामान खात्याच्या मध्य महाराष्ट्र उपविभागात अख्खा सातारा जिल्हा मोडतो. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे 6000 मिलिमीटर पाऊस. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की 700-800, आणि पूर्वेला माण तालुक्यात 500च्या आसपास. या सगळ्याची मिळून काढलेली सरासरी माणच्या शेतकऱ्याच्या काय कामाची? कृषी खात्याचे 9 विभाग मला म्हणूनच जवळचे वाटतात. एकट्या साताऱ्यात ते घाटमाथा, उपपर्वतीय, मैदानी आणि अवर्षणप्रवण असे चार पट्टे वेगळे दाखवतात.

2. नुसत्या पावसावरून कोरडेपणा ठरवू नये. सोलापूरला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस होतो, लंडनला त्याहून कमी. तरी कोपेनच्या वर्गीकरणात सोलापूर निमशुष्क आणि लंडन दमट, कारण सोलापूरच्या उन्हात पडलेलं पाणी झपाट्यानं उडून जातं. कोपेन मुळात वनस्पतींचा अभ्यासक. कुठे काय उगवतं हे पाहून त्यानं सीमा बांधल्या, आणि ती दृष्टी मला आजही मोलाची वाटते.

3. म्हणून पिकांना विचारावं. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी रब्बीला का पेरतात? तिथे जून-जुलैच्या पावसावर भिस्त ठेवता येत नाही. खरी ओल उत्तरा-हस्ताचा पाऊस देतो. वार्षिक बेरजेत हे दिसत नाही. महिन्यांचे आकडे वेगळे मांडले तरच दिसतं.

4. रेषा बारीक दिसली तरी जमिनीवर तो पट्टा असतो. मावळात एकाच ओढ्याच्या वरच्या अंगाला भात आणि खालच्या अंगाला बाजरी पाहिली आहे. दोन पर्जन्यमापकांमधली जागा संगणक गुळगुळीत भरून देतो, डोंगर मात्र तसा उतरत नाही. फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातल्या केंद्राच्या नोंदीवर ठरते. केंद्र डोंगराच्या एका अंगाला आणि बाग दुसऱ्या अंगाला असेल, तर हा फरक थेट शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

5. नकाशावर कोणत्या वर्षांची आकडेवारी आहे ते छापावंच. तीस वर्षांहून कमी नोंदींवर पट्टा ठरवू नये.

तुमच्या शाळेत, साखर कारखान्यावर किंवा वाड्यात पावसाच्या जुन्या वह्या असतील, तर त्या रद्दीत घालू नका. आजही पर्जन्यमापक असेल, तर रोज सकाळी साडेआठला मोजा आणि कोरड्या दिवशी रकाना मोकळा न सोडता शून्य लिहा.