कच्छचे खडक आणि खंडांची फारकत

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी बडोद्यातही घरे हादरली. तिकडे कच्छात भुज, भचाऊ व अंजार येथे हजारो माणसे दगावली. या संकटाचे मूळ शोधू गेल्यास फार प्राचीन काळात जावे लागते. तो काळ पाहावयास कोणी मनुष्य नव्हता. परंतु त्याची नोंद गाळाने ठेवली आहे.

एके काळी भारत, आफ्रिका, मादागास्कर, अंटार्क्टिका आदी भूमी गोंडवन नावाच्या एकाच महाखंडात होत्या. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी हे खंड ताण बसून दुभंगू लागले. भूकवच ताणले की त्याला भेगा पडतात, दोन भेगांमधील भाग खचतो व लांबट खचदरी तयार होते. कच्छ ही अशीच एक खचदरी होय.

हे कशावरून ओळखावयाचे? गाळाचे थर खालून वर वाचावेत. धोलावीरा ज्या खडीर बेटावर आहे त्याच्या परिसरात तळाशी ग्रॅनाइटचे गोटे व भरड वाळू आढळते. जड गोटे फार दूर वाहत जात नाहीत. अर्थात उंच कडा जवळच होता. त्यावर चिखलाचे व चुनखडीचे थर असून त्यांत अमोनाइट या समुद्री प्राण्याचे वेटोळेदार शंख सापडतात. म्हणजे दरी आणखी खचली व समुद्र आत शिरला. त्याहून वर भुजचा वालुकाश्म. त्यातील झाडपाल्याचे ठसे सांगतात की, नद्यांनी गाळ आणून समुद्रास मागे हटविले.

दरी भरली, पण भेगा राहिल्या. पुढे भारतभूमी उत्तरेस सरकून आशियास भिडली. ताणाच्या जागी दाब आला. पूर्वी खचलेले भाग आता वर रेटले जातात. १६ जून १८१९ च्या भूकंपात रणातील जमीन उचलली जाऊन लांबच लांब बांध तयार झाला. लोकांनी त्याला अल्लाबंध, म्हणजे देवाने घातलेला बांध, असे नाव दिले.

भूकंप केव्हा होईल, हे थर सांगत नाहीत. तो कोठे होऊ शकेल, हे मात्र सांगतात. तेव्हा अशा प्रदेशात घर, शाळा वा धर्मशाळा उभारताना पैसा आधी पायात व भिंतींच्या जोडात घालावा. शोभेचा विचार मागाहून करावा.